जुनी मर्सिडीज, बीएमडब्ल्यू तापते तेव्हा: कूलिंगचं काम कोणत्या क्रमाने करायचं

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात जुन्या मर्सिडीज आणि बीएमडब्ल्यू हल्ली बऱ्याच दिसतात. मुंबई-पुण्याकडून किंवा बंगळूरहून आणलेली, नव्या छोट्या गाडीपेक्षाही स्वस्त पडलेली. पहिल्याच उन्हाळ्यात ती तापते आणि ठरलेला प्रकार सुरू होतो. आधी बोअरचं पाणी ओततात. पुन्हा तापली की थर्मोस्टॅट (रेडिएटरची वाट उघडणारी-मिटणारी झडप) काढून फेकतात. पुन्हा तापली की रेडिएटर बदलतात. तोवर हेड (सिलिंडरवरचं धातूचं झाकण) वाकलेलं असतं, आणि मग मालक म्हणतो, या गाड्याच आपल्या हवेच्या नाहीत.

गाड्यांचा दोष फारसा नसतो, कामाचा क्रम चुकतो. खाली दिलेला क्रम १९९५ ते २०१० या काळातल्या गाड्यांसाठी आहे: मर्सिडीज डब्ल्यू-१२४, डब्ल्यू-२१०, डब्ल्यू-२०३, आणि बीएमडब्ल्यू ई-३९, ई-४६, ई-९० (हे कंपनीचे मॉडेल कोड). त्या वयाच्या ऑडीलाही क्रम हाच, फक्त हवा काढायच्या जागा वेगळ्या.

## आधी हे: रस्त्यात काटा चढला तर

एसी बंद करा. हीटर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर पूर्ण जोरात ठेवा. गाडी बाजूला घ्या. काटा लाल पट्टीत असेल किंवा बॉनेटमधून वाफ येत असेल तर इंजिन लगेच बंद. "पुढच्या धाब्यापर्यंत जाऊ" असं म्हणत काढलेल्या दोन-तीन किलोमीटरमध्येच हेड जातं.

सावधान: गरम असताना कूलंटच्या टाकीचं झाकण उघडू नका, फडकं धरूनही नाही. आतलं कूलंट (इंजिन गार ठेवणारा द्राव) दाबाखाली शंभर अंशांच्या वर असतं. झाकण सैल होताच ते एकदम उकळून तोंडावर उडतं. वरचा होज पाइप हाताने आरामात धरता येईल इतकं थंड व्हायला तासभर लागतो, कधी जास्तही. तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतणं हाही हेडला तडा द्यायचा खात्रीचा उपाय.

आणि काट्यावर किती विसंबायचं हे गाडीवर अवलंबून आहे. डब्ल्यू-१२४ चा काटा खरं बोलतो. ८० च्या रेघेवरून तो एप्रिलच्या दुपारी, एसी चालू असताना, टिळकवाडीच्या रेल्वे गेटवर ९५-१०० पर्यंत गेला तर घाबरायचं कारण नाही. गाडी पळायला लागली की उतरला पाहिजे. ई-४६ चा काटा मात्र मुद्दाम स्थिर ठेवलेला आहे. साधारण ७५ पासून ११५ अंशांपर्यंत तो मधोमधच उभा असतो. तो मधून हलला म्हणजे इंजिन आधीच फार तापलेलं आहे. त्यामुळे बीएमडब्ल्यू असेल तर ओबीडीला (गाडीच्या कॉम्प्युटरच्या तपासणी सॉकेटला) लावायचा साधा ब्लूटूथ स्कॅनर घ्या आणि मोबाईलवर खरं तापमान बघत जा. यापुढचे सगळे टप्पे त्या आकड्यावर चालतात.

## टप्पा १: गाडी नेमकी केव्हा तापते ते लिहून काढा

पाना हातात घेण्याआधी हा कागद तयार पाहिजे. मिस्त्रीकडे जाऊन नुसतं "हीट मारतेय" म्हणालात तर तो अंदाजाने सामान बदलणार, आणि त्याचे पैसे तुम्ही देणार.

गर्दीत, उभ्या गाडीत तापते, पण हायवेला गार होते: दोष हवेचा आहे. पंखा, फॅन क्लच (गरम झाल्यावर पंख्याला इंजिनशी जोडणारा भाग), किंवा एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मध्ये साचलेला कचरा.

हायवेला वेगात किंवा चढावर तापते, गर्दीत ठीक असते: दोष पाण्याच्या वाहण्यात आहे. आतून चोक झालेला रेडिएटर, झिजलेला पाण्याचा पंप, अर्धवट उघडणारा थर्मोस्टॅट. हेड गॅस्केट (हेड आणि इंजिन ब्लॉकमधलं सील) जाण्याची सुरुवातही बऱ्याचदा अशीच होते.

सुरू केल्यावर पाच-दहा मिनिटांत, कुठेही तापते: कूलंट कमी आहे, आत हवा अडकली आहे, थर्मोस्टॅट बंद अडकला आहे किंवा पंप फिरतच नाही.

इथल्या लोकांना एक गोष्ट फसवते. बेळगावहून चोर्ला किंवा आंबोलीमार्गे खाली जाताना घाट उतरणीचा, इंजिनवर भारच नसतो. गाडी मस्त गार जाते. परतताना पाच माणसं, सामान, एसी आणि सलग चढ, तेव्हा दोष उघडा पडतो. "जाताना काही नव्हतं, गोव्यात पेट्रोल खराब मिळालं" हे ऐकलं की समजायचं, चढावरची तक्रार आहे. कागदावर हेही लिहा: हीटरची हवा गरम येते का, कूलंट किती दिवसांत किती कमी होतं, आणि याआधी कोणी काय बदललं.

## टप्पा २: तयारी

या गाड्यांचं सामान बेळगावात काउंटरवर बहुतेक मिळत नाही. कोल्हापूर, पुणे किंवा बंगळूरहून मागवावं लागतं. म्हणून गाडी खोलायच्या आधी यादी करा आणि चॅसी नंबरवरूनच मागवा. नुसतं "ई-४६, पेट्रोल" सांगून मागवलेला होज पाइप बसत नाही, आणि मग एका ओ-रिंगसाठी गाडी आठवडाभर जॅकवर.

कूलंट कॉन्सन्ट्रेट स्वरूपात घ्या, पाणी मिसळलेलं तयार नको. का ते टप्पा ७ मध्ये. बीएमडब्ल्यूला आणि या काळातल्या मर्सिडीजला जी-४८ प्रकारचं चालतं. मर्सिडीजसाठी डब्यावर ३२५.० ही मान्यता बघा. रंगावर जाऊ नका. निळा, हिरवा, गुलाबी हे रंग कंपनी आपल्या मर्जीने घालते, आणि दोन वेगळ्या रसायनांची कूलंट एकत्र केली तर आत चिकट गाळ होऊ शकतो.

पाणी बॅटरीच्या दुकानातलं डिस्टिल्ड. बोअरचं किंवा विहिरीचं नको, क्षार साचतात. अथणी-रायबागकडच्या बोअरच्या पाण्याने भांड्याला बसणारा पांढरा थर बघितलाय तो रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो. दुकानात डिस्टिल्ड पाणी असं स्पष्ट सांगा, बॅटरीचं ॲसिडही तशाच कॅनमध्ये असतं.

हत्यारांत साध्या पान्यांशिवाय तीन गोष्टी लागतात: झाकणाच्या जागी बसणारा हातपंपाचा प्रेशर टेस्टर, इन्फ्रारेड थर्मामीटर, आणि कूलंटमध्ये जळालेला वायू येतो का ते दाखवणारा निळ्या द्रावाचा टेस्टर. विकत घ्यायची गरज नाही. चांगल्या गॅरेजमध्ये असतात. नसतील तर ते गॅरेज या कामाचं नाही, एवढं कळलं.

## टप्पा ३: थंड गाडी, नजर आणि हात

रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी, सुरू न करता बघा.

कूलंटची पातळी. ई-४६ आणि ई-३९ मध्ये झाकण काढल्यावर आत लाल कांडी दिसते. तिचं टोक तोंडाच्या कडेशी असेल तर किमान, सुमारे दोन सेंटीमीटर वर आलं तर कमाल. मर्सिडीजमध्ये टाकीवर खूण असते.

टाकीचं प्लास्टिक. पिवळं-तपकिरी पडलेलं, सांध्यावर बारीक केसासारख्या रेघा असलेलं असेल तर चर्चा नको, बदला. बीएमडब्ल्यूच्या या टाक्या वयाने ठिसूळ होतात आणि बरोबर चढावर, दाब सगळ्यात जास्त असताना फुटतात. होज पाइप दाबून बघा: टोकाशी फुगलेला, लिबलिबीत किंवा दाबल्यावर कुरकुर वाजणारा पाइप गेला म्हणायचा. पंपाच्या खाली आणि सांध्यांवर पांढरट, गुलाबी किंवा निळसर वाळलेले ओघळ शोधा. प्रवाशाच्या पायाखालचा गालिचा ओला, गोडसर वास आणि काच सारखी धुरकट होत असेल तर हीटरची जाळी गळते आहे.

आता पुढची जाळी, आणि ही बाब आपल्या भागात जरा जास्तच महत्त्वाची. ऊसतोडणीचा हंगाम सुरू झाला की हुक्केरी-गोकाक-चिकोडीकडे ट्रॅक्टरच्या मागे रांगत जावं लागतं. पाचटाचा भुगा, लाल माती आणि संध्याकाळचे किडे थेट एसीच्या कंडेन्सरमधून आत जातात आणि कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मधल्या बोटभर फटीत बसतात. समोरून टॉर्च मारली तर जाळी स्वच्छ दिसते. वरचं प्लास्टिकचं कव्हर काढून दोन्हींच्या मध्ये टॉर्च घाला. तिथे पाचटाची गादी साचलेली सापडते. ती इंजिनच्या बाजूने पुढे, म्हणजे हवा येते त्याच्या उलट दिशेने, साध्या नळीच्या हलक्या धारेने काढायची. गाडी धुवायच्या सेंटरवरचा प्रेशर गन लावला तर ॲल्युमिनियमची पातळ पाती मिटतात आणि आधीपेक्षा वाईट होतं.

तपासा: उभ्या गाडीत तापायची तक्रार असेल तर जाळी धुऊन आधी दोन दिवस गाडी चालवून बघा. पुष्कळांचं काम इथेच संपतं.

## टप्पा ४: प्रेशर टेस्ट

झाकणावर आकडा असतो. १४० म्हणजे १.४ बार, २०० म्हणजे २ बार. थंड इंजिनवर टेस्टर लावून तेवढाच दाब भरा, जास्त नाही, आणि पंधरा-वीस मिनिटं काटा बघत थांबा. काटा उतरला तर गळती आहे. टॉर्च घेऊन शोधा. बाहेर कुठेच थेंब दिसत नाही पण दाब उतरतोय, तर कूलंट आत कुठेतरी जातंय: हीटरच्या जाळीत, सिलिंडरमध्ये किंवा गिअर ऑइलमध्ये.

शेवटचा प्रकार ऑटोमॅटिक मर्सिडीजमध्ये विसरू नका. गिअर ऑइलचा कूलर रेडिएटरच्या आतच असतो. डब्ल्यू-२०३ च्या काळातल्या काही रेडिएटरमध्ये तो आतून गळतो आणि कूलंट गिअरबॉक्समध्ये उतरतं. रेडिएटर जुनाच असेल आणि ऐंशीच्या आसपास वेगात गाडी थरथरत असेल, तर गिअर ऑइल काढून बघा. गुलाबी दुधासारखं दिसलं तर आधी गिअरबॉक्सची चिंता करा, मग तापण्याची.

झाकणाचीही चाचणी याच पंपाने करायची. त्यासाठी अडॅप्टर असतो. झाकणाला कोणी विचारत नाही आणि हीच गोष्ट महागात पडते. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटरवर आहे, इथे उघड्या भांड्यातलं पाणी साडेसत्त्याण्णव अंशांच्या आसपासच उकळतं. निम्मं कूलंट आणि १.४ बारचा दाब मिळून हाच आकडा १२५ च्या पुढे जातो. झाकण दाब धरत नसेल तर तुम्ही कितीही भारी कूलंट घाला, ते चढावर उकळणारच. झाकण नवं घेताना आकडा जुन्याइतकाच हवा. २ बारचं बसतंय म्हणून १.४ च्या गाडीला लावलं तर पुढचा अशक्त सांधा फुटतो.

## टप्पा ५: हेड गॅस्केट शाबूत आहे का

हा टप्पा लोक शेवटी करतात. तो इथेच करायचा, सामानाचे पैसे देण्याआधी. गॅस्केट गेलं असेल तर नवा पंप आणि नवा रेडिएटर लावून काहीही उपयोग नाही.

थंड इंजिन सुरू करा आणि वरचा होज पाइप धरा. मिनिट-दोन मिनिटांत, पाइप अजून गार असताना, तो दगडासारखा कडक झाला तर सिलिंडरचा वायू पाण्यात शिरतोय. टाकीत सतत बुडबुडे येत राहिले तरी तोच संशय.

मग निळ्या द्रावाची चाचणी. इंजिन थंड असतानाच झाकण उघडून टाकीतलं कूलंट थोडं कमी करा, म्हणजे ते टेस्टरमध्ये ओढलं जाणार नाही, आणि टेस्टर लावा. मग इंजिन सुरू करून गरम होऊ द्या आणि आयडलवर ठेवून टाकीतली हवा द्रावातून ओढा. निळा रंग पिवळा झाला की पेट्रोल इंजिनचा जळालेला वायू आहे. निळाच राहिला तर पुढे चला. संशय टिकला तर गाडी चांगली पळवून आणून, पूर्ण थंड झाल्यावर पुन्हा एकदा.

ऑइलच्या झाकणाखाली पांढरट साय दिसली म्हणून लगेच हेड खोलू नका. रोज फक्त शहापूर ते कॅम्प एवढीच फिरणाऱ्या गाडीत पावसाळ्यात ती ओलाव्यानेही जमते. डिपस्टिकवरचं ऑइलही दुधाळ असेल तर मात्र गाडी सुरूच करू नका.

## टप्पा ६: पंखा, थर्मोस्टॅट, पंप

पंखा. विजेचा पंखा असेल तर एसी लावल्यावर फिरला पाहिजे. डब्ल्यू-१२४ मध्ये पुढच्या पंख्यांना हळू वेगासाठी रेझिस्टर असतो. तो जळला की हळू वेग गायब आणि पंखा फक्त अगदी शेवटी, जोरात लागतो. ई-३९ आणि बऱ्याच जुन्या मर्सिडीजमध्ये इंजिनवर व्हिस्कस क्लचचा पंखा असतो. इंजिन बंद करून, किल्ली खिशात ठेवून, तो हाताने फिरवा. थंड असताना सहज फिरावा, पूर्ण गरम इंजिनवर जड लागावा. गरम असतानाही भिंगरीसारखा फिरत राहिला तर क्लच गेला. बीएमडब्ल्यूचा हा नट ३२ मिलिमीटरचा आणि उलट्या आट्यांचा आहे. नेहमीच्या दिशेने जोर लावून पंपाचा शाफ्ट तोडलेले मिस्त्री कमी नाहीत.

थर्मोस्टॅट. इथे सगळ्यात जास्त घोळ होतो. "काढून टाका की सावकार, गाडी गार चालतंय," हा सल्ला तुम्हाला एकदा तरी मिळालेला असणार. ट्रकच्या जुन्या इंजिनवर चालत असेल. या गाड्यांचा थर्मोस्टॅट दोन कामं करतो: रेडिएटरची वाट उघडतो आणि त्याच वेळी दुसऱ्या टोकाने बायपासची (रेडिएटर टाळून जाणारी) वाट बंद करतो. तो काढला की बायपास कायम उघडा. बरंचसं गरम पाणी रेडिएटरला न जाता इंजिनमध्येच फिरत राहतं. रिकाम्या रस्त्यावर गाडी इतकी गार चालते की मिस्त्री खूश, आणि चढाला लागली की आधीपेक्षा लवकर तापते.

काढलेला थर्मोस्टॅट पातेल्यात पाणी उकळून तपासायची पद्धत बरोबर आहे, पण आकडा बघून. त्यावर उघडायचं तापमान कोरलेलं असतं. मर्सिडीजचा ८० ते ८७ च्या आसपासचा असतो. तो पातेल्यात उघडलाच पाहिजे. ई-४६ च्या सहा सिलिंडर इंजिनवर ९७ अंशांचा, विजेने लवकर उघडता येणारा थर्मोस्टॅट आहे. आणि आपल्याकडे पाणी उकळतंच साडेसत्त्याण्णवला! म्हणजे चांगला, नवा कोरा थर्मोस्टॅटसुद्धा बेळगावच्या पातेल्यात जेमतेम हलेल, आणि दुकानदाराशी भांडण होईल. असला थर्मोस्टॅट गाडीवरच तपासा: स्कॅनरवर तापमान शंभरी ओलांडत असताना खालच्या होज पाइपवर इन्फ्रारेड थर्मामीटर धरा. खालचा पाइप गार तो गारच राहिला तर थर्मोस्टॅट बंद अडकलाय किंवा आत एअर लॉक (अडकलेली हवा) आहे. बसवताना त्यावर बारीक छिद्र किंवा गोळी असेल तर ती वरच्या बाजूला.

त्याच थर्मामीटरने रेडिएटरच्या जाळीवरून नजर फिरवा. तापमान एका बाजूने दुसरीकडे हळूहळू उतरत गेलं पाहिजे. मध्येच गार पट्टा लागला तर त्या नळ्या चोक आहेत. प्लास्टिकच्या टाक्यांचा ॲल्युमिनियम रेडिएटर खोलून सळई मारता येत नाही, बदलायचाच असतो.

पंप. पुली हलवून बघा, खेळ नको. खालच्या छिद्रातून ओघळ नको. ई-४६ च्या काही पंपांत आतलं चाक प्लास्टिकचं असतं; ते तुटलं तरी बाहेरून पंप धडधाकट दिसतो. ई-९० च्या ३२५ आणि ३३० मधल्या सहा सिलिंडर पेट्रोल इंजिनला पट्ट्यावरचा पंपच नाही, विजेचा आहे. तो बंद पडताना गळत नाही, आवाज करत नाही. स्कॅनरवर कोड येतो आणि तापमान झपाट्याने चढतं. त्याचे ॲल्युमिनियमचे बोल्ट एकदाच वापरायचे, पंपासोबत नवे मागवा.

बीएमडब्ल्यू दहा-बारा वर्षांपुढची असेल आणि मागचं बिल हातात नसेल तर टाकी, झाकण, दोन्ही मोठे पाइप, थर्मोस्टॅट आणि पंप एकदमच बदलावा असं माझं मत. एक नवा भाग लावला की दाब पुढच्या जुन्या भागावर येतो आणि महिन्या-महिन्याला गाडी टो करून न्यावी लागते. मर्सिडीजच्या बाबतीत एवढी घाई नको. तिथे जे खराब दिसतं तेच बदललं तरी चालतं.

## टप्पा ७: निचरा आणि धुणं

इंजिन पूर्ण थंड. हीटर गरमवर. खाली टब ठेवा, किती निघालं ते मोजा.

सावधान: कूलंट गोड लागतं आणि विषारी असतं. अंगणात, गोठ्याजवळ सांडलेलं कुत्रं किंवा वासरू चाटून जातं आणि वाचत नाही. गटारात किंवा उसात सोडू नका. बंद कॅनमध्ये भरून गॅरेजच्या जुन्या ऑइलसोबत द्या.

रेडिएटरचा बोल्ट उघडला की सगळं निघालं असं वाटतं. निघत नाही. ब्लॉकमध्ये बरंच उरतं. ब्लॉकचा वेगळा बोल्ट असतो, ई-४६ मध्ये एक्झॉस्टच्या बाजूला. तो गंजलेला नसेल तर काढा, नव्या वायसरने बसवा.

धुताना साधं पाणी भरा, गाडी गरम करा, थंड होऊ द्या, सोडा. पाणी स्वच्छ येईपर्यंत. शेवटची खेप डिस्टिल्ड पाण्याची. कॉस्टिक सोडा टाकून धुवायचा आग्रह झाला तर नाही म्हणा, तो ॲल्युमिनियम खातो. बारीक गळतीला हळद टाकायची ट्रकवाल्यांची युक्तीही इथे नको: गळती थांबते तशी हीटरची जाळीही बंद होते.

आता कॉन्सन्ट्रेटचा मुद्दा. समजा गाडीत एकूण ८.४ लिटर बसतं, ई-४६ सहा सिलिंडरमध्ये तेवढंच बसतं. धुतल्यावर ब्लॉकमध्ये तीन लिटर साधं पाणी राहिलं. त्यावर तुम्ही निम्मं पाणी असलेलं तयार कूलंट साडेपाच लिटर ओतलं, तर आत कूलंटचं प्रमाण तिसऱ्या हिश्शावर आलं. म्हणून आधी एकूण मापाच्या निम्मं, म्हणजे ४.२ लिटर कॉन्सन्ट्रेट, आणि मग उरलेली जागा डिस्टिल्ड पाण्याने भरायची. गाडी फिरवून झाल्यावर रिफ्रॅक्टोमीटरवर (कूलंट किती अंशांना गोठेल ते दाखवणाऱ्या यंत्रावर) उणे ३५ ते ३८ च्या आसपास आकडा आला की प्रमाण बरोबर. इथे बर्फ पडत नाही हे खरं. पण तो आकडा प्रमाण सांगतो, आणि प्रमाणावर उकळबिंदू आणि गंजरोध दोन्ही ठरतात.

## टप्पा ८: भरणं आणि हवा काढणं

नवं सामान लावूनही तापणाऱ्या गाड्यांत मी पहिला संशय इथे घेतो. सहा-आठ लिटरची व्यवस्था आहे; वरच्या कोपऱ्यात कपभर हवा अडकली तरी सेन्सरजवळ पाणी पोचत नाही आणि हीटरची जाळी कोरडी राहते. घाईने ओतणं हेच कारण.

ई-४६, ई-३९ साठी:

१. गाडीचं तोंड चढाकडे करून लावा किंवा पुढची चाकं रॅम्पवर घ्या. हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना दगड.

२. किल्ली दुसऱ्या टप्प्यावर, इंजिन बंद. हीटर सगळ्यात गरम, ब्लोअर सगळ्यात हळू. याने हीटरचा व्हॉल्व्ह उघडा राहतो. हे न करता भरलं तर हीटरमधली हवा तिथेच राहते.

३. टाकीजवळचा हवा काढायचा स्क्रू सैल करा. प्लास्टिकचा आहे, नवा जवळ ठेवा.

४. बारीक धारेने ओतत राहा. स्क्रूतून आधी फसफस, मग बुडबुडे, मग अखंड धार येईल. अखंड धार येईपर्यंत थांबायचं नाही. मग स्क्रू दोन बोटांच्या जोराने बंद. पान्याने आवळलात की टोक आत तुटलंच.

५. झाकण लावा, इंजिन सुरू करा, स्कॅनरवर नजर. हीटरची हवा गरम यायला हवी.

६. पूर्ण थंड होऊ द्या, शक्यतो रात्रभर. सकाळी लाल कांडी बघून पातळी भरा.

विजेच्या पंपाच्या ई-९० ला रीत वेगळी. बॅटरीला चार्जर लावा. टाकी कमालपर्यंत भरा, झाकण बंद, किल्ली चालू पण इंजिन सुरू करायचं नाही. हीटर पूर्ण गरम, ब्लोअर सगळ्यात हळू. ॲक्सिलरेटर दहा सेकंद तळापर्यंत दाबून सोडा. पंप आपोआप सुमारे १२ मिनिटं चालतो, त्याचा आवाज येतो. मध्येच स्टार्टर मारू नका. थांबल्यावर पातळी भरा.

डब्ल्यू-१२४ मध्ये हवा बहुतेक आपणच टाकीकडे निघते. हीटर गरम ठेवून सावकाश भरा, इंजिन थर्मोस्टॅट उघडेपर्यंत चालवा, थंड झाल्यावर पातळी बघा.

तपासा: इंजिन गरम, पण हीटरची हवा गार येते किंवा डॅशबोर्डमागे पाणी खळखळल्याचा आवाज येतो? हवा अजून आत आहे. गाडी बाहेर काढू नका, पुन्हा क्रमांक १ पासून.

## टप्पा ९: चाचणी

पहिली फेरी घराजवळ. पंधरा-वीस मिनिटं, एसीशिवाय. परत येऊन खाली टॉर्च मारा.

दुसरी फेरी गर्दीची: दुपारी एसी लावून गोगटे सर्कल, खडेबाजार. पंख्याची परीक्षा इथे.

तिसरी हायवेची. बेळगाव-निपाणी सपाट वेगात जा आणि परतताना निपाणीकडून तवंदी घाट चढा. स्कॅनरचा आकडा चढावर थोडा वाढेल. सपाटीला लागल्यावर काही मिनिटांत उतरला पाहिजे. ई-४६ मध्ये ९० ते १०५ चा खेळ नेहमीचा. ११० ओलांडून चढतच राहिला तर बाजूला घ्या. चोर्लाला ही चाचणी करू नका: जंगलात मोबाईलला रेंज मिळेलच असं नाही, आणि टोइंगची गाडी दोन्हीकडून लांब.

पुढचे आठ-दहा दिवस रोज सकाळी थंड गाडीची पातळी बघा. पहिल्या दोन-तीन दिवसांत थोडी उतरली तर ती निघालेली हवा. त्यानंतरही उतरत राहिली तर टप्पा ४ वर परत.

## हेड काढावंच लागलं तर

हे घरी करायचं काम नाही. पण काय मागायचं ते तुम्हाला माहीत पाहिजे. बेळगावच्या उद्यमबागेत मशीनिंगची चांगली कामं होतात, कोल्हापूरकडे शिरोलीतही. हेड फेसिंगला (तळ घासून सपाट करायला) द्यायच्या आधी प्रेशर टेस्ट करून तडा आहे का ते बघायला सांगा. तडा गेलेल्या हेडवर फेसिंगचे पैसे कशाला? किती घासलं ते मिलिमीटरमध्ये लिहून घ्या. ई-४६ च्या सहा सिलिंडर इंजिनला ०.३ मिलिमीटर जाड गॅस्केट मिळतं, त्यापलीकडे घासलेलं हेड बसवू नका. याच इंजिनचा ब्लॉक ॲल्युमिनियमचा आहे आणि जास्त तापल्यावर हेड बोल्टचे आटे ब्लॉकमधून उपटून येतात. म्हणून हेड परत बसवण्याआधी प्रत्येक भोकातले आटे तपासायला लावा. खराब असतील तर लोखंडी इन्सर्ट बसवून घ्या. नुसतं गॅस्केट बदलून आवळायला गेलं की शेवटच्या फेरीत बोल्ट पोकळ फिरतो आणि सगळं परत खोलावं लागतं.

हेड बोल्ट नवेच. ते आवळताना ताणले जातात, दुसऱ्यांदा तो ताण धरत नाहीत. आवळायचा क्रम मधून बाहेर, आधी टॉर्क पान्याने आणि मग अंशांच्या मापाने, त्या इंजिनच्या मॅन्युअलप्रमाणे. "जुनेच चांगले आहेत, हाताच्या अंदाजाने आवळतो" असं उत्तर आलं तर हेड उचलून दुसरीकडे न्या.